ते बदक

मराठी व्याकरणाला नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात. टेबल 'ते' का, खुर्ची 'ती' का आणि पंखा 'तो' का, याचं उत्तर कुणालाच देता येत नाही म्हणे. नसेल येत. पण एका बाबतीत या व्याकरणाने जे शहाणपण दाखवलं आहे, त्याबद्दल त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार व्हायला हवा. त्याने बदकाला नपुंसकलिंगात बसवलं. कोंबडा-कोंबडी, चिमणा-चिमणी, मोर-लांडोर अशा जोड्या लावत लावत आपले पूर्वज बदकापाशी आले आणि थबकले. त्यांनी बदकाकडे नीट पाहिलं, बदकाने मान वाकडी करून त्यांच्याकडे पाहिलं, आणि दोघंही काही निष्कर्ष न काढता आपापल्या वाटेने निघून गेले. ते बदक. विषय संपला.

हा संपलेला विषय आमच्या निगडीत रोज सकाळ-संध्याकाळ उकरून काढला जातो, ही माझी तक्रार आहे आणि ती मी आज सविस्तर नोंदवणार आहे.

निगडी म्हणजे मुंबई-पुणे जुन्या रस्त्यावरचं गाव. १९७२ साली इथे नवनगर विकास प्राधिकरण आलं, मोकळ्या माळावर सेक्टर आखले गेले, आणि कारखान्यांत तीन पाळ्यांत राबणाऱ्या माणसांनी कर्जं काढून टुमदार बंगले बांधले. ते प्राधिकरण २०२१ साली विसर्जित झालं, पण पत्ता सांगताना आम्ही अजून 'प्राधिकरण' म्हणतो. सवय. तर या बंगल्यांच्या मागे अंगण नावाची एक पट्टी असते. तिच्यात एक आंबा, एक कढीपत्ता, धुण्याचा दगड, आणि बांधकामातून उरलेल्या, 'कधीतरी लागतील' म्हणून ठेवलेल्या पंधरा फरशा असतात. आमच्या पट्टीत याखेरीज सिमेंटची एक कुंडी आहे आणि सहा बदकं आहेत.

ही बदकं पिल्लं म्हणून आली तेव्हापासून कंपाउंडच्या भिंतीवरून जेवढी म्हणून डोकी डोकावली, त्यांतल्या एकानेही विचारलं नाही की ती खातात काय, रात्री कुठे निजतात, मांजराचं काय करता. सगळ्यांचा प्रश्न एकच. "नर किती, माद्या किती?" आणि मी "अजून कळत नाही" म्हटलं की डोकं हळहळतं. जणू शिकल्यासवरल्या घरात आपली जनावरं ओळखता येऊ नयेत!

बरं, हळहळून डोकं निघून गेलं तर ठीक. ते निकाल देऊन जातं.

आमच्या समोर एक निवृत्त फोरमन राहतात. बत्तीस वर्षं तपासणी खात्यात काढली. माल पास की नापास, हे ठरवण्यात हयात गेली. त्यांचं म्हणणं असं, की प्रत्येक वस्तूला गो-नोगो गेज असतंच. गेज गेलं तर माल पास, अडकलं तर रिजेक्शनच्या लाल पेटीत. बदकाला असं गेज नाही, हे त्यांना मान्यच नाही. एके दिवशी ते चक्क व्हर्नियर घेऊन आले. "वहिनी, धरा त्याला. चोच मोजू. नराची चोच मोठी असणार. कॉमन सेन्स आहे!" सहा चोची मोजून झाल्या. फरक अर्ध्या मिलिमीटरचा निघाला, आणि तोही व्हर्नियरचा की बदकाचा, यावर त्यांचंच एकमत होईना.

नात्यातल्या एक आत्याबाई आहेत. त्यांनी दोऱ्याला अंगठी बांधली आणि पिल्लाच्या पाठीवर धरली. गोल फिरली तर मादी, सरळ झुलली तर नर. अंगठी गोल फिरली, सरळ झुलली, मग तिरपी झुलली, आणि पिल्लू ती गिळण्याच्या बेतात आहे असं दिसताच आत्याबाईंनी प्रयोग आवरता घेतला. "वारा आहे," म्हणाल्या.

तिसरा पक्ष अंड्याचा. लांबट अंड्यातून एक निघतं, गोलट अंड्यातून दुसरं. या पक्षाचा संस्थापक साक्षात ॲरिस्टॉटल आहे, हे ऐकून पक्षाच्या सभासदांना आनंद होईल. पण आनंद फार टिकायचा नाही. त्याच्या मागून आलेल्या रोमन पंडितांनी नेमकं उलटं लिहून ठेवलं. दोन हजार वर्षं हा वाद चालू आहे आणि तेवढी वर्षं अंड्यातून जे निघायचं ते निघतं आहे.

चौथा पक्ष बाजारातला. पिल्लं विकणाऱ्याला विचारलं तर तो शपथेवर सांगतो, "सगळ्या माद्याच आहेत, ताई." गिऱ्हाईकाला कोंबड्याचा ठेका हवा असता तर सगळे नर निघाले असते.

आता या सगळ्यांना मी जे उत्तर देते ते इथे एकदा छापून टाकते, म्हणजे भिंतीवरून रोज देत बसायला नको.

पहिली गोष्ट. एक दिवसाच्या पिल्लाचं लिंग ओळखता येतं, नाही असं नाही. पिल्लू उलटं धरून त्याचं गुदद्वार हलकेच दाबून उघडायचं. नर असेल तर आतला बारीकसा अवयव दिसतो. कोंबडीच्या पिल्लांपेक्षा बदकात हे सोपं जातं, कारण बहुतेक पक्ष्यांना नसतो तो अवयव बदकाला असतो. उबवणी केंद्रातली सरावलेली माणसं हे काम झपाट्याने करतात. पण ते सरावलेल्याचं काम आहे. सेक्टरमधल्या कुणीही चहा पिता पिता करून बघायचं नाही. कोवळ्या पिल्लाला आतून इजा होते. कारखान्यात शिकाऊ मुलाला पहिल्या दिवशी कुणी प्रेसवर बसवतं का? मग?

दुसरी गोष्ट. सहा ते आठ आठवडे थांबलं तर बदक स्वतःच सांगतं. तोंडाने सांगतं. तोवर सगळी सारखीच चिवचिवतात. मग काहींचा आवाज फुटतो आणि खणखणीत 'पॅक पॅक पॅक' सुरू होतं, जे तीन बंगले पलीकडे ऐकू जातं. काहींचा मात्र घसा बसतो, सर्दी झाल्यासारखा. ओरडतील, पण कुजबुजल्यासारखं, घोगरं. जी खणखणीत ती मादी आणि जो घोगरा तो नर. कारणही साधं आहे. नराच्या श्वासनळीला जिथे दोन फाटे फुटतात तिथे डाव्या बाजूला हाडाची एक फुगीर डबी असते. मादीला ती नसते. त्या डबीने नराचा आवाज दबतो.

इथे पुरुष विनोदी लेखकांना बायकोवर एक वाक्य टाकल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. त्यांच्यासाठी मी जागा सोडते. टाकलंत? चला पुढे.

ओळखण्याची रीत अशी : कळपात कोण ओरडलं ते कळत नाही, म्हणून एकेकाला उचलून बाजूला न्यायचं. उचललं की ते निषेध नोंदवतंच. आवाज ऐकायचा आणि पायात रंगीत कडी अडकवायची. खाकी कॅम्पबेल जातीत रंगाचीही मदत होते. पिसं पूर्ण भरली की नराचं डोकं काळपट-हिरवट चमकायला लागतं आणि मादी खाकीच राहते. पांढऱ्या पेकिन जातीत मात्र रंगावर जाऊ नये. दोघंही धुवून वाळत घातलेल्या पंचासारखी.

तिसरी गोष्ट, शेपटीची. तीन-चार महिन्यांचा झाला की नराच्या शेपटीच्या मुळाशी वरच्या बाजूची दोन-चार पिसं आकडा घालून पुढे वळतात. कॉलेजात जायला लागलेल्या मुलाने कपाळावर बट काढावी तशी. हा आकडा दिसला की नर. पण आकडा नाही म्हणजे मादीच, असं मात्र नाही. वर्षातून एकदा पिसं गळतात तेव्हा आकडाही गळतो आणि रंगीत नरसुद्धा काही आठवडे मादीसारखा मळकट दिसतो. आणि म्हाताऱ्या मादीचा अंडाशय बंद पडला तर तिला नराची पिसं येऊ शकतात. म्हणजे बदकात झगमगीत पोशाख हाच मूळचा, आणि साधा पोशाख मादी आपल्या अंतःस्रावाच्या जोरावर मुद्दाम चढवते. अंड्यांवर बसणारीने दुरून दिसू नये म्हणून.

चौथी गोष्ट, अपवादाची. चेहऱ्यावर लाल गाठी असलेलं मस्कोव्ही बदक हे या घराण्यातलंच नव्हे. बाकीची पाळीव बदकं हिरव्या डोक्याच्या रानबदकाची वंशज. हे दक्षिण अमेरिकेतून आलेलं. इतरांची अंडी अठ्ठावीस दिवसांत उबतात, याची पस्तीस घेतात. याच्या नराला शेपटीचा आकडा येत नाही. तो फुसफुसतो, मादीच्या जवळजवळ दुप्पट होतो आणि त्याच्या तोंडावरच्या गाठी लालभडक वाढतात. इथे फोरमनसाहेबांचं व्हर्नियर चाललं असतं. पण त्यांनी ते नेमकं चुकीच्या बदकाला लावलं.

एवढं सांगितल्यावर भिंतीवरचं डोकं विचारतं, "पण चार महिने थांबायचं कशाला? तोवर नरांना फुकट खायला घालायचं?"

हा प्रश्न अगदीच टाकाऊ नाही, हे मी मान्य करते. नर जास्त झाले तर अंगणात अनर्थ होतो. चार-पाच माद्यांमागे एक नर पुरतो. उलट एकीच्या मागे तीन-चार नर लागले तर तिच्या मानेची पिसं उपटली जातात, पाठ सोलवटते, आणि पाण्यात गाठलं तर ती बुडून मरतेसुद्धा. तेव्हा नर कोण हे कळायला हवं, आणि जास्तीचे वेगळे ठेवायला हवेत. आणखी एक. नुसती खायला अंडी हवी असतील तर नर मुळी लागतच नाही. अंडं घालायला मादी पुरेशी असते. नर लागतो तो पिल्लांसाठी. हे सांगितलं की निगडीतले अर्धे पुरुष माझ्याकडे संशयाने पाहतात.

पण 'कळायला हवं' आणि 'आजच कळायला हवं' यांत फरक आहे. ही भांडणं नर वयात आल्यावर सुरू होतात, आणि त्याच सुमाराला शेपटीचा आकडाही येतो. निसर्गाने वेळापत्रक चोख लावलं आहे. घाई आपली आहे. पलीकडच्या गल्लीत एका कुटुंबाने आठ पिल्लं आणली होती. नवव्या आठवड्यात त्यांतली तीन फार आरडाओरडा करायला लागली. गल्लीची सभा भरली. 'दंगा करतात म्हणजे नर,' असा ठराव एकमताने पास झाला. ती तिन्ही चाकणच्या बाजूला एका ढाब्यावर रवाना झाली. उरलेली पाच शांत, गुणी, हळू आवाजात बोलणारी. चार महिन्यांनी त्या पाचही गुणी बदकांच्या शेपटीवर आकडे आले. ते कुटुंब अजून अंड्यांची वाट पाहत आहे.

इथपर्यंत हसून झालं असेल तर आता जरा वेगळं बोलते.

भिंतीवरच्या डोक्यांचा मी मनातल्या मनात हिशेब ठेवला आहे. बदकाच्या बाबतीत सगळ्यांना माद्या हव्या असतात. "माद्या जास्त ना? मग नशीबवान!" आणि नर निघाला की, "असू दे, रस्सा होईल." हीच डोकी प्रसूतिगृहाच्या पायऱ्यांवर उभी असतात तेव्हा प्रश्न तोच असतो, फक्त आशा उलटी असते. "काय झालं? पेढा की बर्फी?" बर्फी म्हटलं की क्षणभर शांतता, आणि मग ते सांत्वन, "असू दे, पहिली बेटी धनाची पेटी." धनाची पेटी मिळाल्यावर कुणी 'असू दे' म्हणतं का हो?

आणि ही नुसती बोलण्यातली गोष्ट नाही. महाराष्ट्राने १९८८ साली देशात पहिल्यांदा गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला, १९९४ साली केंद्राने केला, तो २००३ साली आणखी कडक झाला. प्रत्येक सोनोग्राफीच्या दारावर पाटी आहे की इथे हे सांगितलं जात नाही, हा गुन्हा आहे. तरी या राज्यात सहा वर्षांच्या आतल्या दर हजार मुलांमागे मुली २००१ सालच्या जनगणनेत ९१३ होत्या, त्या २०११ साली ८९४ झाल्या. दर हजारामागे आणखी एकोणीस कमी. त्या कुठल्या ढाब्यावर गेल्या नाहीत. त्या आल्याच नाहीत.

फोरमनसाहेबांना मी एकदा विचारलं, "बदकात मुलगा होणार की मुलगी, हे कुणावर असतं, माहीत आहे?" ते म्हणाले, "मादीवर. बायकांवरच असतं ते सगळीकडे." मी म्हटलं, बदकाचं बरोबर. पक्ष्यांत दोन प्रकारची गुणसूत्रं मादीकडे असतात, नराकडे एकाच प्रकारची. म्हणून अंड्यातून नर निघायचा की मादी, ते आईकडून ठरतं. माणसात मात्र उलट आहे. दोन प्रकारची गुणसूत्रं बापाकडे. मुलगा की मुलगी, ते त्याच्याकडून ठरतं. तरी पिढ्यान्‌पिढ्या बोलणी कुणी खाल्ली? सासरहून माहेरी कोण धाडलं गेलं? सवत कुणावर आली? आणि गंमत अशी, की जी बदकीण खरोखर जबाबदार, तिला आजवर कुणी एका शब्दाने बोललेलं नाही! सहाच्या सहा नर निघाले तरी तिची सासू तिला काही म्हणत नाही.

फोरमनसाहेब बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे आमच्या आईला सांगायला पाहिजे होतं." एवढंच. त्यांच्या पाठीवर पाच बहिणी. पुढचं मी विचारलं नाही.

पाषाणच्या तलावावर, उजनीच्या पाण्यावर एक रानबदक दिसतं. काळ्या चोचीचं टोक पिवळं आणि चोचीच्या मुळाशी लाल ठिपका. आपल्या लोकांनी त्याला नाव दिलं हळदी-कुंकू बदक. सुवासिनीचं लेणं पाहून सुवासिनीचं नाव दिलं, दुसरं काय! आणि त्यातला कुंकवाचा ठिपका ठसठशीत असतो तो नराचा. मादीचा असलाच तर पुसट. आता कुणाला काय वाण द्यायचं ते द्या!

म्हणून माझं म्हणणं असं, की याबाबत आपल्या भाषेचं ऐकावं. तिने नुसत्या बदकाला नपुंसकलिंगात बसवलेलं नाही. पिल्लू 'ते'. वासरू, कोकरू, करडू, रेडकू, शिंगरू, सगळी 'ते'. बाळ 'ते'. मूल 'ते'. लेकरू 'ते'. मोठं होऊन तो की ती व्हायचं ते होईल, पण आधी ते जगू दे, खाऊ दे, रांगू दे, असं ही भाषा कधीपासून सांगते आहे. व्याकरणाच्या पुस्तकात त्याला नपुंसकलिंग म्हणतात हे त्या पुस्तकाचं दुर्दैव. मी त्याला थांबायचं लिंग म्हणेन.

तेव्हा आमच्या मागण्या फार नाहीत. बदकाला चार महिन्यांची मुदत द्या. तोवर ते पाण्यात उतरतं का, दाणा खातं का, पाय ताठ आहेत का, एवढंच विचारा. व्हर्नियर घरी ठेवा. अंगठी बोटात ठेवा. आणि प्रसूतिगृहाच्या पायरीवर उभे राहाल तेव्हा पेढा-बर्फीची चौकशी न करता, आपल्या आज्या विचारत असत तो साधा प्रश्न विचारा. त्यात 'तो'ही नाही आणि 'ती'ही नाही. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत ना?